घरची लेक, घरची सून आणि ब्रिटनीची गादी

 

आज आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत ती आपल्या मुलखातली नाही. ती फ्रान्स देशातली आहे आणि जवळजवळ सातशे वर्षांपूर्वीची आहे. त्यात दगडी किल्ले आहेत, दोन राजे आहेत, तेवीस वर्षांची लढाई आहे. पण भांडण काय ते ऐकलंत की तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या भावकीतलंच. म्हातारा निपुत्रिक वारला. मागे सख्ख्या भावाची लेक आणि एक सावत्र भाऊ. जमीन कुणाची?

फ्रान्सच्या नकाशात पश्चिमेकडे एक टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. त्याचं नाव ब्रिटनी. तिथली भाषा वेगळी, रीतिरिवाज वेगळे. तिथे ड्यूक राज्य करायचा. ड्यूक म्हणजे मोठा सरदार. फ्रान्सच्या राजाला तो मान द्यायचा, पण आपल्या मुलखात जवळजवळ राजासारखाच असायचा. गोष्टीत नावं बरीच येतील, सगळी लक्षात ठेवू नका. नाती तेवढी लक्षात ठेवा.

आर्थर नावाचा एक ड्यूक होता. त्याची दोन लग्नं झाली. पहिल्या बायकोचा थोरला मुलगा जॉन, तो पुढे ड्यूक झाला. त्याला आपण थोरले ड्यूक म्हणू. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गी. पहिली बायको वारल्यावर आर्थरने दुसरी केली. तिचा मुलगाही जॉनच, पण मोंफोर ही जहागीर त्याच्याकडे आली, म्हणून त्याला आपण मोंफोर म्हणू. थोरल्या ड्यूकांना आपली सावत्र आई आणि तिची मुलं डोळ्यांसमोर नकोशी होती. बापाचं दुसरं लग्नच रद्द ठरवावं, म्हणजे सावत्र भावंडांचा हक्क आपोआप जाईल, अशी खटपटही त्यांनी करून पाहिली. ती साधली नाही.

थोरल्या ड्यूकांची तीन लग्नं झाली, मूल एकीलाही झालं नाही. सख्खा भाऊ गी १३३१ साली वारला. त्याला एकच लेक, झान. ती एका पायाने लंगडत चालायची, म्हणून लोक तिला लंगडी झान म्हणत. आपण तिला लेक झान म्हणू, कारण ती घरची लेक. आणि मोंफोरची बायको, फ्लँडर्सच्या मोठ्या घराण्यातून आलेली, तिचंही नाव झानच. ती घरची सून. तिला आपण सून झान म्हणू. या लढाईला तिकडे दोन झानांची लढाई असंच नाव पडलं आहे.

आता लग्नाची गोष्ट. थोरल्या ड्यूकांना गादी पुतणीला मिळावी असं वाटत होतं. पण नुसत्या पुतणीच्या नावाने गादी टिकणार नाही, तिच्यामागे जोरदार जावई हवा, असा त्यांनी हिशोब केला. त्यांनी निवडला ब्लोआ घराण्यातला चार्ल्स. तो घरातला धाकटा मुलगा, स्वतःला गादी मिळण्याची आशा नाही. पण त्याची आई फ्रान्सच्या राजाची बहीण. म्हणजे मामा राजा! १३३७ साली लेक झानशी त्याचं लग्न झालं. दोघंही तेव्हा अठराच्या आसपास. आपल्याकडे घरजावई आणतात, त्यातलाच हा प्रकार. गावाला वाटतं जावयाला इस्टेट मिळाली. खरं तर इस्टेट लेकीची असते, जावई तिच्या हक्काच्या वाटेने घरात आलेला असतो. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे सगळं त्यावरच फिरणार आहे.

एवढं करूनही थोरल्या ड्यूकांनी शेवटचा शब्द काही दिला नाही. कधी वाटे पुतणीला द्यावं. कधी वाटे सगळा मुलूख राजालाच देऊन टाकावा, तेव्हा त्यांचे सरदारच आडवे आले. त्या काळचे बखरकार लिहितात, की मरणाच्या अंथरुणावर असताना लोकांनी विचारलं, वारस कोण? तेव्हा म्हातारे म्हणाले, मला आता हा त्रास देऊ नका. आणि ३० एप्रिल १३४१ रोजी ते गेले. बाया हो, असे म्हातारे आपल्यालाही ठाऊक आहेत. जिवंतपणी वाटणीचा विषय काढला की रागावतात, आणि गेल्यावर तेराव्याच्या आत भाऊबंद वकील गाठतात.

इथेही तेच झालं. मोंफोर आणि त्याची बायको लगोलग नान्त शहरात पोचले. ती ब्रिटनीची महत्त्वाची नगरी. थोरल्या ड्यूकांचा खजिना दूर लिमोज गावी ठेवलेला होता, मोंफोरने तो ताब्यात घेतला. त्या पैशातून माणसं उभी केली आणि उन्हाळा संपायच्या आत रेन, व्हान, ब्रेस्त असे एकेक किल्ले घेत गेला. ताबा ज्याचा त्याची जमीन, हा त्याचा हिशोब.

चार्ल्सने मामाकडे दाद मागितली. पॅरिसला दरबारी न्यायसभा बसली. दोन्हीकडचे वकील उभे राहिले. मोंफोरची बाजू अशी: ब्रिटनी हा फ्रान्सच्या राज्यातला मानाचा मुलूख आहे, त्याला राज्याचाच नियम लागू. फ्रान्सच्या गादीवर बाई बसत नाही, मग ब्रिटनीच्या कशी बसेल? वर मी मेलेल्याचा भाऊ आहे, पुरुष आहे, जिवंत आहे. चार्ल्सची बाजू अशी: ब्रिटनीची स्वतःची रीत आहे. त्या रीतीत मेलेल्या थोरल्या भावाची लेक बापाच्या जागी उभी राहते. गी जिवंत असता तर गादी त्याची होती, म्हणून आता त्याच्या लेकीची. आणि पूर्वी ब्रिटनीची गादी बायकांकडे आलेली आहेच. कॉन्स्टन्सकडे आली होती, तिच्यामागे तिची लेक आलिक्सकडे आली होती.

७ सप्टेंबर १३४१ रोजी निकाल लागला. लेक झान जिंकली. पण निकालाचे शब्द नीट ऐका. झानच्या नवऱ्याने, चार्ल्सने, बायकोच्या वतीने ब्रिटनीसाठी राजापुढे मान तुकवावा, म्हणजे राजा त्याला ड्यूक मानेल. हक्क झानचा, हात चार्ल्सचा.

आता या गोष्टीतली खरी गंमत सांगतो. निकाल देणारा मामा, राजा सहावा फिलिप, स्वतः गादीवर कसा आला होता? १३२८ साली आधीचा राजा मुलगा नसताना वारला. त्याची बहीण इझाबेला होती आणि त्या बहिणीचा मुलगा इंग्लंडचा राजा होता, तिसरा एडवर्ड. पण फ्रान्सचे सरदार म्हणाले, बाईला गादी मिळत नाही आणि बाईच्या मुलालाही मिळत नाही. म्हणून चुलतभाऊ फिलिप राजा झाला. बाईला हक्क नाही, या एका वाक्यावर ज्याचं सिंहासन उभं, त्यानेच ब्रिटनीत सांगितलं, बाईला हक्क आहे! कारण त्या बाईचा नवरा त्याचा भाचा.

आणि एडवर्ड? तो तर आईच्या हक्कावर फ्रान्सची गादी मागत होता. बाईमुळे वारसा मिळतो, असं तो जगाला ओरडून सांगत होता. ब्रिटनीच्या भांडणात तो कुणाच्या बाजूने गेला? मोंफोरच्या! जो म्हणत होता की बाईला वारसा नाही. कारण मोंफोर फिलिपच्या विरुद्ध होता. आमच्या गटात ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे बाईचा हक्क हा यांच्या घरचा पाट. पाहुणा बघून मांडायचा, पाहुणा बघून उचलायचा." यापेक्षा नेमकं आम्हाला तरी सांगता येणार नाही.

दरबाराचा रंग ओळखून मोंफोर निकालाआधीच पॅरिसमधून गुपचूप निसटला. पण राजाचं सैन्य ब्रिटनीत उतरलं. नोव्हेंबरमध्ये नान्त पडलं, मोंफोर पकडला गेला आणि त्याला पॅरिसच्या लूव्र किल्ल्यात डांबलं. सगळ्यांना वाटलं, संपलं भांडण.

पण घरात सून होती.

सून झान तेव्हा रेन शहरात होती. नवरा कैदेत गेल्याची बातमी आली, तेव्हा तिचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याचंही नाव जॉन. बखरकार सांगतात, तिने तो मुलगा सरदारांसमोर आणला आणि सांगितलं, एक माणूस गेला म्हणून खचू नका, हा बघा आपला पुढचा धनी. किल्ल्याकिल्ल्यांत जाऊन तिने शिपायांचे पगार चुकते केले, धान्य भरून ठेवलं. मग मुलाला घेऊन एनबों नावाच्या गढीत जाऊन बसली. १३४२ च्या उन्हाळ्यात चार्ल्सच्या सैन्याने त्या गढीला वेढा घातला.

त्या वेढ्याची हकिगत बखरकारांनी मोठ्या हौसेने लिहिली आहे. सून झान चिलखत घालून घोड्यावर बसली. गावातल्या बायकांना तिने सांगितलं, झगे आखूड करा, रस्त्यावरचे दगड उपटा आणि तटावर न्या. बायकांनी दगड वाहिले, चुनकळीची मडकी नेली आणि वर चढणाऱ्यांच्या डोक्यावर ओतली. मग तिने तटावरून पाहिलं, शत्रूचे सगळे लोक लढायला पुढे आलेत, मागे तंबू रिकामे आहेत. तीनशे स्वार घेऊन ती दुसऱ्या दरवाजाने बाहेर पडली आणि तंबूंना आग लावली. तेव्हापासून तिचं नाव पडलं ज्वाला झान. पुढे गढीतले लोक थकले, शरण जाऊ म्हणू लागले. ती खिडकीतून समुद्राकडे बघत होती. तेवढ्यात इंग्लंडची जहाजं दिसली आणि गढी वाचली. यात बखरकारांनी पदरचं थोडं मीठमिरची घातलं असेल. पण एनबोंची गढी तिने राखली, एवढं मात्र खरं.

आता तुम्हाला वाटेल, अशा बाईचा केवढा मान झाला असेल. ऐका. १३४३ साली ती मुलाला घेऊन इंग्लंडला गेली. मुलगा एडवर्ड राजाच्या हातात आला. ब्रिटनीचा वारस आपल्या घरात वाढतोय म्हटल्यावर राजाला त्याच्या आईची गरज उरली नाही. तिला टिकहिल नावाच्या किल्ल्यात पहाऱ्याखाली ठेवलं. नवरा १३४५ साली कैदेतून सुटून इंग्लंडला पोचला, फौज घेऊन ब्रिटनीत परतला आणि त्याच वर्षी एनबोंलाच वारला. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तो लढाई जिंकला, ड्यूक झाला. आई टिकहिललाच. तीस वर्षं ती तिथे होती. ती वेडी झाली होती, असं नंतरच्या पुस्तकांतून फार काळ सांगितलं गेलं. अलीकडे इतिहासकारांनी त्या काळचे कागद पुन्हा तपासले. काहींचं म्हणणं असं की तिच्या वेडाचा नीट पुरावा त्यांत कुठे सापडत नाही. तिला कोंडून ठेवणं राजाच्या सोयीचं होतं, हे मात्र दिसतं. नको असलेल्या बाईला वेडी ठरवणं ही युक्ती किती जुनी आहे बघा.

आता लेक झानकडे येऊ. तिचा नवरा चार्ल्स मोठा देवभक्त होता. अंगाला टोचणारं केसाळ कापड आतून घालायचा, बर्फातून अनवाणी चालायचा. त्याच्या मरणानंतर लोक त्याला संत मानू लागले, आणि १९०४ साली त्याच्या धर्मपीठाने त्याला पूज्य म्हणून मान्यताही दिली. पण त्याच चार्ल्सच्या फौजेने १३४४ साली कँपेर शहर घेतलं, तेव्हा गावातल्या साध्या माणसांची कत्तल झाली. देवभक्त माणसाच्या हातूनही हक्काच्या नावाखाली काय होतं, त्याचा हा दाखला.

१३४७ साली एका रात्रीच्या लढाईत चार्ल्स अनेक जखमा होऊन पडला आणि इंग्रजांच्या हाती सापडला. नऊ वर्षं तो इंग्लंडच्या कैदेत होता. त्या नऊ वर्षांत लेक झानने ब्रिटनीचा कारभार चालवला. नवरा असतानाही बऱ्याच कागदांवर दोघांचं नाव असायचं, आता सगळा भार तिच्या एकटीवर आला. फौजेचा खर्च, किल्ल्यांचे पहारे, नवऱ्याच्या सुटकेची बोलणी, सगळं तिनेच पाहिलं. आणि याच काळात, १३४८ नंतर, मोठी प्लेगची साथ तो सगळा मुलूख झोडपून गेली.

१३५६ साली चार्ल्स सुटला, पण फार मोठी खंडणी कबूल करून. ती रक्कम फिटेपर्यंत तारण म्हणून काय ठेवलं? दोन मुलगे. जॉन आणि गी, दोघांना इंग्लंडला पाठवलं. आपण सोनं गहाण ठेवतो, झानने पोटची पोरं ठेवली. खंडणी काही फिटली नाही.

मधल्या काळात गावातल्या लोकांचं काय झालं? राजे आणि सरदार यांच्या बखरी लिहिल्या गेल्या, गावकऱ्यांची बखर कुणी लिहिली नाही. पण हिशोबाच्या कागदांतून दिसतं, की गढ्यांमध्ये बसलेले शिपाई आसपासच्या गावांकडून वसुली करायचे. तुम्हाला जाळायचं नाही, लुटायचं नाही, तर एवढे पैसे द्या. आज या बाजूचे, उद्या त्या बाजूचे. ज्यांच्या नावावर गुंठाभर नव्हता, त्यांनी या वारसाहक्काची सगळ्यात मोठी किंमत मोजली.

१३६३ साली दोन्ही फौजा समोरासमोर आल्या असताना तडजोड ठरली. ब्रिटनी अर्धी अर्धी वाटून घ्यायची. रेन चार्ल्सला, नान्त धाकट्या जॉनला. चार्ल्स तयार झाला होता. बखरकार सांगतात, झानने नकार दिला. ती म्हणाली, माझा हक्क राखायला तुमच्याशी लग्न केलं, अर्धा देऊन टाकायला नाही. त्यावरून तिला फार नावं ठेवली गेली. हट्टी बाई, तिच्यामुळे नवरा मेला, असं लिहिलं गेलं.

यावर आमच्या गटात बरीच वादावादी झाली. काही जणी म्हणाल्या, अर्धं घेतलं असतं तर माणसं वाचली असती. काही जणी म्हणाल्या, जमीन तिची, मग नवरा तिला न विचारता अर्धी देणारा कोण? आणि आणखी एक मुद्दा निघाला. मोंफोर वीस वर्षांपूर्वी दरबाराचा निकाल मोडून लढायला उभा राहिला, त्याला कुणी हट्टी पुरुष म्हटलं नाही. तो शूर ठरला. आम्ही यावर एकमत करू शकलो नाही. तुम्ही तुमच्या गटात बोलून बघा.

२९ सप्टेंबर १३६४ रोजी ओरे गावाजवळ शेवटची लढाई झाली. चार्ल्स मारला गेला. पुढच्या वर्षी, १२ एप्रिल १३६५ रोजी, गेरांद गावी तह झाला. धाकटा जॉन ब्रिटनीचा ड्यूक ठरला. लेक झानला बापाकडून आलेली पाँतिएव्रची जहागीर आणि लिमोजचा मुलूख मिळाला. पण त्या तहात आणखी एक कलम होतं. यापुढे ब्रिटनीच्या घराण्यात, म्हणजे दोन्ही शाखांत मिळून, एक जरी पुरुष वारस शिल्लक असेल तोवर गादी लेकीकडे जाणार नाही.

बघा कसं झालं. भांडण दोन घरांचं होतं, जिंकलं एक, हरलं एक. पण समेट करताना दोघांनी मिळून काय कापलं? पुढच्या सगळ्या लेकींचा हक्क. त्यात झानच्या नाती आल्या, जिंकलेल्या जॉनच्या लेकीही आल्या. भाऊभाऊ एक होतात तेव्हा समेटाची किंमत कुणाकडून वसूल होते, ते आपल्याला सांगायला नको.

लेक झान त्यानंतरही जवळजवळ वीस वर्षं जगली. १३७८ साली फ्रान्सच्या राजाने ब्रिटनी जप्त करून आपल्या राज्याला जोडण्याचा हुकूम काढला. धाकटा जॉन तेव्हा इंग्लंडला पळालेला होता. ब्रिटनीचे सरदार, एकेकाळी एकमेकांविरुद्ध लढलेले, एकत्र आले आणि त्यांनी जॉनला परत बोलावलं. लेक झानही त्यांच्या बाजूने उभी राहिली. ज्याने नवरा मारला, गादी घेतली, त्याच्या बाजूने! राजाचा हुकूम तिच्या घराचाही हक्क पुसत होता, आणि मुलूख परक्याच्या घशात जाण्यापेक्षा भाऊबंदाकडे राहिलेला बरा, हे तिला कळत होतं. जिला हट्टी म्हटलं, तिने हे केलं. पण हे फारसं कुणी सांगत नाही.

१३८४ साली ती वारली. इंग्लंडला तारण ठेवलेले मुलगे तेव्हाही परत आले नव्हते. एक तिथेच मेला. दुसरा, जॉन, १३८७ साली सुटला, एकतीस वर्षांनी. आईची आणि त्याची भेट झाली नाही.

गोष्ट इथे संपत नाही. शंभर वर्षं मोंफोरच्या वंशात मुलगे होत राहिले. मग आले ड्यूक दुसरे फ्रान्स्वा. त्यांना दोनच लेकी, मुलगा नाही. आता काय? गेरांदच्या तहाप्रमाणे गादी पाँतिएव्रच्या घराकडे जायला हवी होती. पण त्या घराचा वारसा तोवर झानच्या वंशातल्या एका बाईकडे, निकोलकडे आला होता, आणि फ्रान्सच्या राजाने १४८० सालीच पैसे मोजून तिच्याकडून तो हक्क विकत घेऊन ठेवला होता. इकडे मोंफोरच्या घराने, ज्यांनी लेकीला हक्क नाही म्हणून तेवीस वर्षं रक्त सांडलं, आपल्याच सरदारांकडून लेकींच्या नावाने शपथ घेववली. १४८८ साली बाप वारला आणि थोरली लेक अ‍ॅन ब्रिटनीची मालकीण झाली. वय वर्षं अकरा.

पोर अकरा वर्षांची, आणि तिच्या लग्नासाठी अर्ध्या युरोपातले राजे टपलेले. १४९१ साली फ्रान्सच्या राजाने तिला रेन शहरात वेढा घातला, आणि शेवटी तिला त्याच राजाशी लग्न करावं लागलं. करारात कलम होतं, हा राजा मुलगा न होता मेला तर तिने पुढच्या राजाशी लग्न करायचं. बाई कुणाच्याही घरी गेली तरी जमीन फ्रान्सबाहेर जाता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. राजा खरोखरच वारला. १४९९ साली तिने पुढच्या राजाशी, बाराव्या लुईशी, लग्न केलं. पण आता ती बावीस वर्षांची होती, शहाणी झाली होती. या वेळी तिने करारात आपल्या अटी घातल्या, ब्रिटनीचा कारभार आपल्या हाती ठेवला, मुलूख वेगळा राहील असं लिहून घेतलं. १५१४ साली ती गेली. तिची लेक क्लोद, तिचं लग्न आईच्या मनाविरुद्ध फ्रान्सच्या भावी राजाशी लावलं गेलं. आणि १५३२ साली ब्रिटनी फ्रान्सला कायमची जोडली गेली. जो मुलूख बाईला द्यायचा नाही म्हणून एवढं रण झालं, तो शेवटी गेला तो बायकांच्या लग्नांतूनच गेला.

मैत्रिणींनो, ड्यूक आणि किल्ले त्या लोकांचे. पण ही गोष्ट वाचून आमच्या गटात जे प्रश्न निघाले ते आपलेच आहेत. आपल्या देशात २००५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मापासून मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच त्या दिशेने पाऊल टाकलं होतं. गेरांदच्या तहात लेकींना विचारायला कुणी आलं नव्हतं. आपल्याला विचारायला येतात, हक्कसोडपत्र घेऊन येतात, आणि सही आपल्याच हाताची लागते. ती करायची की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावं. घराघराची गरज वेगळी असते. पण कागदात काय लिहिलंय ते वाचून, नाहीतर कुणाकडून वाचून घेऊन ठरवावं, एवढं आमचं मागणं आहे.

दुसरी गोष्ट लेकीची आणि सुनेची. या दोन्ही झान शूर होत्या, कारभारात हुशार होत्या. एक बापाच्या हक्कासाठी लढली, दुसरी नवऱ्याच्या आणि मुलाच्या. त्या समोरासमोर बसून बोलल्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे. तशी वेळ त्यांच्यावर कुणी येऊ दिली नाही. आपल्या घरात मात्र नणंद आणि भावजय एकाच ओट्यावर बसतात. नणंद हिस्सा मागते तेव्हा भावजयीला वाटतं, माझ्या लेकराच्या तोंडचा घास चालला. पण ती भावजयही कुणाची तरी लेक असते, तिच्या माहेरच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का, हे तिनेही विचारायला हवं.

तर या आठवड्यात गटाच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या घरच्या सातबाऱ्यावर आज कुणाकुणाची नावं आहेत, हे आपल्यापैकी किती जणींनी डोळ्यांनी पाहिलंय? घरातल्या मोठ्या माणसांनी जिवंतपणी आपलं म्हणणं कागदावर उतरवलंय का? आणि लेक झानने अर्धा मुलूख नाकारला, ते बरोबर की चूक? शेवटच्या प्रश्नाला भांडण होईल. होऊ द्या. चहा ठेवा आणि भांडा. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.

येतो मग. राम राम.